संडासाला सुट्टे आहेत का?

युरोपला जायचं ठरल्यावर आम्हाला माहिती द्यायला सगळं बेळगाव पुढे आलं. आयफेल टॉवर ३३० मीटर उंच आहे, तो १८८९ साली झाला, हे टिळकवाडीतल्या आमच्या किराणा दुकानदारानेसुद्धा तूरडाळ मोजता मोजता सांगितलं. त्या टॉवरपाशी पोचेपर्यंत बाईमाणसाने जायचं कुठं आणि त्याचे पैसे किती पडतात, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. सांगणारे सगळे पुरुष होते. त्यांना या प्रश्नाची कल्पना नसते, कारण त्यांना सगळं जगच मोकळं असतं.

टूर लेडीज स्पेशल. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, तिथून बसने ब्रसेल्स, पॅरिस आणि स्वित्झर्लंड. आमच्या घरातून तिघी: आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, निपाणीच्या वन्सं आणि मी.

पण परदेशाच्या आधी सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ लागतो. तिथंच वन्संची बॅग अडली. मशिनवरच्या पोरीने पडद्याकडे बघत विचारलं, "कोब्बरि ऐतेन्री?" वन्संना वाटलं, पोरगी मागूलालीय. त्या म्हणाल्या, आहे की, तुला देऊ का अर्धी वाटी? तर सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. आमच्या स्वयंपाकघरात उभा जन्म खोबऱ्याच्या वाट्या फळीवर आहेत, कधी साधा धूरसुद्धा निघाला नाही, हा मुद्दा वन्संनी कन्नडमधून अगदी पद्धतशीर मांडला. पोरीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि वाट्याही घेतल्या.

तोवर पलीकडे आक्कांच्या पाटल्या वाजत होत्या. काढा म्हणाले. आक्का म्हणाल्या, "लग्नात घातलेल्या. हात वाढला, पाटल्या वाढल्या नाहीत. मनगटासकट काढायच्या असतील तर बघा." मग पडद्याआड नेऊन तपासणी झाली. त्यानंतर पुढच्या प्रत्येक विमानतळावर, मशीन लांब असतानाच आक्का दोन्ही हात वर करून चालायला लागायच्या. इरकल साडी, वर स्वेटर, खाली नातवाचे स्पोर्ट्स शूज आणि शरण आल्यासारखे वर केलेले हात. रांगेतले गोरे लोक आदराने बाजूला व्हायचे.

वन्संची लेक अ‍ॅमस्टरडॅमला असते, म्हणून दोन किलो कुंदा घेतलेला. मुंबईत विमानात बसल्यावर टूर मॅनेजर सहज म्हणाला, "दुधाचं काही नाही ना कुणाकडे? युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे." कुंदा म्हणजे दूध आटवून आटवूनच झालेला. वन्संचा चेहरा उतरला. कस्टमवाल्याच्या डब्यात टाकायचा? बेळगावचा कुंदा? आक्कांनी निकाल दिला, "टाकायचा नाही. उतरायच्या आत संपवायचा." रात्रभर आमच्या रांगेत कुंदा फिरत राहिला. पलीकडच्या सीटवरच्या डच आजोबांनी आधी वास घेतला, मग चिमूटभर खाल्ला आणि पहाटे पहाटे स्वतःहून हात पुढे केला. लेकीच्या हातात शेवटी काय पडलं, तर रिकामा डबा आणि आईचं करपट ढेकर देत देत रडणं.

बस सगळी पुण्या-मुंबईची. पहिल्याच दिवशी चिंचवडच्या एका बाईंनी विचारलं, "बेळगाव म्हणजे तुम्ही कर्नाटकच्या ना?" आमच्याकडे हा प्रश्न इतका साधा नसतो. आक्का म्हणाल्या, "२००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागला की कळवतो." त्या बाई नंतर आमच्याशी जपूनच बोलायच्या.

बेल्जियम संपून फ्रान्स कधी लागलं ते आम्हाला कळलंच नाही. ना नाका, ना पोलीस, ना पाटीला फासलेलं डांबर. मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला तेव्हा समजलं की देश बदलला. वन्सं कितीतरी वेळ मागच्या काचेतून बघत राहिल्या. कोरोनात निपाणीहून कोल्हापूरला जाताना-येताना कोगनोळी नाक्यावर रिपोर्टासाठी ज्याला उभं राहावं लागलंय, त्याला असली सरहद्द पचत नाही.

आता मूळ मुद्दा. ब्रसेल्सला एका हॉटेलात कॉफी घेऊन आम्ही आत गेलो, तर संडासाच्या दारात एक बाई टेबल टाकून बसलेली, पुढे बशी, बशीत नाणी. आक्कांनी हिशेब केला की ही पूजाअर्चेची काही सोय असणार, आणि बशीत नाणं ठेवून पुढे गेल्या. बाईने हाक मारून परत बोलावलं. आपलं दहा रुपयांचं नाणंसुद्धा दोन रंगांचं, चष्म्याशिवाय युरोसारखंच दिसतं. बाईने ते उलटंपालटं करून बघितलं, सिंहांची मुद्रा बघितली, आणि परत केलं. मग आम्ही तिघींचे मिळून दिले. तेवढ्यात खडे बाजारात तिघींचा चहा-भजी झाली असती, असं आक्का बाहेर येऊन म्हणाल्या. तेव्हापासून टूरवर चर्चचे घुमट, राजवाडे, पुतळे काय असतील ते असोत, आक्का आधी एकच विचारायच्या, "सुट्टे हायत काय गे?"

पॅरिसला रस्त्याच्या कडेला करड्या रंगाचे मोठे डबे दिसले. ते संडास. २००६ पासून फुकट. मॅनेजरने बसमध्ये नीट समजावलं होतं: हिरवा दिवा म्हणजे मोकळा, पिवळा म्हणजे आत कोणी आहे, निळा म्हणजे धुणं चालू, लाल म्हणजे बंद. एकजण बाहेर आला की दार आपोआप लागतं, आतला सगळा डबा मशीन धुऊन काढतं, मग पुन्हा हिरवा दिवा लागतो. प्रत्येकीने थांबायचं. पण ब्रसेल्सनंतर 'फुकट' या शब्दावर आक्कांचा विश्वास उरला नव्हता. "पहिल्यांदा फुकट. दार लागलं की दुसरीला पैसे मागतंय बघ."

म्हणून आक्का बाहेर आल्या त्या दार पाठीने अडवूनच. "वन्सं, शिरा आत! लवकर!" मी "आक्का, निळा दिवा..." एवढं म्हणेपर्यंत वन्सं आत, आक्का बाजूला, दार बंद. आणि निळा दिवा.

आधी काही क्षण शांतता. मग आतून मोटर चालू झाल्यासारखा आवाज. मग वन्संचा.

"वैनी, उघडा की ओ! पाणी सोडूलालंय! भिंतीतनं पाणी सोडूलालंय!"

मी बटण दाबलं. आक्कांनीही दाबलं. रांगेतल्या एका फ्रेंच बाईने आम्हाला काहीतरी समजावलं. तिचा सूर पाहता ते मॅनेजरने सांगितलेलंच असावं. आक्का दाराला तोंड लावून धीर देत होत्या, "वन्सं, पाय वर घ्या! कशावर तरी चढा!" आतून उत्तर आलं, "कशावर चढू? तेबी फिरूलालंय!"

दार उघडलं तेव्हा वन्सं, सणाला अंगण शिंपडावं तशा, गुडघ्यापासून खाली एकसारख्या शिंपलेल्या होत्या. पर्स मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली, पासपोर्ट कोरडा. ज्या कामासाठी आत गेल्या होत्या ते राहिलंच होतं. आणि आता परत जायला त्या तयार नव्हत्या.

पुढे स्वित्झर्लंड. युंगफ्राउयोखचं ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन बघितलं, बर्फात उभं राहून फोटो काढले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

त्या संध्याकाळी इंटरलाकेनमध्ये इंडियन हॉटेलात जेवण. बसमध्ये सगळ्या मराठी, त्यामुळे खासगी बोलायचं झालं की आम्ही तिघी कन्नडवर जायचो. चिंचवडच्या बाईंची विग आहे की केस, मॅनेजर कोणाकडे जास्त बघतो, सगळं बिनधास्त. बेळगावात कंडक्टरशी वाद घालताना कमी पडणारं आमचं कन्नड इथं झकास चालत होतं. डाळीचा पहिला घास घेतला आणि आक्का मोठ्याने म्हणाल्या, "ब्याळ्याग उप्पिल्ल, खारा इल्ल," म्हणजे डाळीत मीठ नाही, तिखट नाही, आणि पुढे वाढणाऱ्या पोराच्या चालण्याबद्दल, तोंडाबद्दल आणि त्याला वाढवणाऱ्या आईबद्दल बरंच काही.

पोरगा वाकून अदबीने म्हणाला, "उप्पु तर्लेन्री, अव्वारं?"

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा निघाला. मराठीही फर्डं. वन्सं ताटात बघायला लागल्या, मला उचकी लागली. आक्का मात्र तसूभर हलल्या नाहीत. कुणाचा रे तू, आईला फोन करतोस की नाही, पगार हातात किती येतो, सगळं विचारून झालं. आईने दिलेली शेंगाचटणी त्याने आतून स्वतःच्या डब्यातली आणून आमच्या ताटात वाढली. बाहेर बस सुरू झाली, मॅनेजर काचेवर टकटक करायला लागला. आक्कांनी आतूनच त्याला हाताने थांबायला सांगितलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि पोराला विचारलं, "लग्न व्हायचंय म्हणतोस, बरं. ही नोकरी पर्मनंट हाय की काय?"