एजंटनं कळवलं म्हणजे राजीनामा झाला?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीपासून फुटबॉल खेळणाऱ्या तालमींच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय : ‘फुटबॉल मॅनेजरच्या एजंटनं क्लबला राजीनामा कळवला, की मॅनेजरची नोकरी संपली.’ हे अर्धंच खरं आहे.

मॅनेजरनं तसा अधिकार दिला असेल, तर एजंटनं कळवलेला राजीनामा मॅनेजरचाच धरला जातो. अधिकार नसेल तर ते पत्र त्याच्यावर बंधनकारक नाही. आपला १८७२ चा करार कायदा हेच सांगतो. इंग्लंडमधलं तत्त्वही तेच. खरी मेख पुढे आहे. कलम १९६ आणि १९७ प्रमाणे, न विचारता केलेलं काम नंतर मान्य करता येतं, तेही न बोलता, नुसत्या वागण्यातून. पत्र गेल्याचं कळूनही मॅनेजर गप्प राहिला, सरावाला फिरकलाच नाही, तर ती त्याची मान्यता ठरू शकते. म्हणून नकार लगेच आणि लेखी कळवावा. करारात त्याच्या स्वतःच्या सहीची अट असेल, तर ती आधी बघायची.

‘एजंटकडे फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं, लायसन म्हणजे सगळे अधिकार’ हेही चूक. लायसन वाटाघाटी करण्यासाठी असतं. राजीनाम्याची मुभा मॅनेजरनंच द्यावी लागते.