जामीनदाराचे नुकसान कोण मोजणार?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून मुंबईच्या मित्रांशी आणि नातेवाइकांशी बोलताना मला दोनच बाजू ऐकू येतात. बंदी हवीच होती, असे एक म्हणतो. कर बुडाला, नोकऱ्या गेल्या, असे दुसरा. त्याआधीचा वाद असे खेळ कौशल्याचे की नशिबाचे असा होता आणि तो 1957 च्या चमारबागवाला खटल्यापासून न्यायालयांत चालत आला आहे. या सगळ्यात घराघरांतून काय आणि किती गेले, हा प्रश्न मागेच पडतो, याचे मला फार वाईट वाटते.

मी मेलबर्नला राहतो. इथे पब आणि क्लबांमध्ये 'पोकी' नावाची जुगाराची यंत्रे असतात, आणि कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत लोक त्यांत किती डॉलर हरले, याचे आकडे व्हिक्टोरिया राज्याचा नियामक आयोग जाहीर करतो. ब्रिमबँक हा पश्चिमेकडचा, कष्टकरी आणि स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेला भाग त्या यादीत सातत्याने वर दिसतो.

हरलेली रक्कम म्हणजे सगळे नुकसान नव्हे. जुगार माणसाला किती जाचतो हे तपासायला कॅनडात 2001 मध्ये तयार झालेली नऊ प्रश्नांची कसोटी जगभर वापरतात : हरलेले परत मिळवायला तुम्ही पुन्हा खेळायला गेलात का, त्यासाठी उसने घेतले किंवा काही विकले का, असे ते प्रश्न आहेत. आठ किंवा अधिक गुण पडले की माणूस गंभीर गटात मोजला जातो. मात्र व्हिक्टोरियात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने कर्ज, आरोग्य, नाती, काम असे सर्व प्रकारचे नुकसान एकत्र धरले, तेव्हा त्यातले सुमारे 85 टक्के या गंभीर गटाबाहेरच्या खेळणाऱ्यांकडे निघाले, कारण त्यांची संख्याच कितीतरी मोठी आहे. या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. तरी मला तिची दिशा पटते.

मुंबईत मोजणी करायची तर आणखी पुढे जावे लागेल. लालबाग-परळच्या पतपेढीत कर्ज काढताना दोन जामीनदार लागतात, आणि ते बहुधा त्याच खात्यातले सहकारी किंवा चाळीतले शेजारी असतात. कर्जदाराने मोबाइलवर पैसे घालवले, हप्ते थकले, की वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारात येते आणि प्रसंगी त्याच्या पगारातून कपात सुरू होते. तो माणूस आयुष्यात एक पत्ताही खेळलेला नसतो. खेळणाऱ्यालाच प्रश्न विचारणाऱ्या कसोटीत तो कुठेच येत नाही. सोनेतारणात मंगळसूत्र गेलेली बायको येत नाही, फी थकलेली मुलगीही येत नाही.

बंदी आली म्हणून मोजायचे कारण संपत नाही. मटक्याविरुद्ध 1887 चा कायदा होताच, तरी गिरणगावात पगाराच्या दिवशी आकडा लागतच होता. शिवाय महालक्ष्मीची शर्यत आणि राज्याची लॉटरी कायदेशीरच आहे.

ऑस्ट्रेलियाचे मी कौतुक करत नाही, कारण इतके मोजूनही दरडोई जुगारात हरण्यात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकांत आहे. पण नवी यंत्रे बसवायचा अर्ज आला की इथल्या नगरपालिका हेच आकडे हातात घेऊन आयोगासमोर विरोध करतात. मुंबईत पतपेढ्यांनी थकबाकीचे कारण नोंदवले आणि पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांनी दारू-तंबाखूबरोबर जुगाराचाही प्रश्न न चुकता विचारला, तर नव्या कायद्याने कोणाचे किती वाचले, हे निदान वॉर्डनिहाय सांगता येईल.