मामांची तीन दांड्यांची गिटार

इंदूरच्या कचरागाडीला सहा कप्पे आहेत. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक. २०१७पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आमची जी कॉलर ताठ आहे, तिला इस्त्री या कप्प्यांची. इथे केळ्याची साल चुकून सुक्यात गेली तर गाडीवरचा पोरगा अख्ख्या गल्लीसमोर आपला उद्धार करतो. त्यामुळे मामांच्या टांडेवरून, म्हणजे माळ्यावरून, उतरलेली ती वस्तू बघून बायकोनं विचारलेला पहिला प्रश्न अस्सल इंदुरी होता.

"अहो, हे कुठल्या कप्प्यात?"

लाकूड होतं, म्हणजे सुका. आत वायरी होत्या, म्हणजे ई-कचरा. पोटात झुरळांनी संसार थाटला होता, तो बहुधा ओल्यात. आणि गंजलेल्या तारांची टोकं ज्या कोनात बाहेर आली होती ती पाहता घातक तर होतंच.

वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. धड एक, दांड्या तीन. वरची बारा तारांची, मधली सहा तारांची, खालची चार तारांची बेस. सत्तरच्या दशकात मामा एका ऑर्केस्ट्रात वाजवत. गणपतीत आणि लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. तीन गिटारवाल्यांचं मानधन द्यायला मालक राजी नव्हता, तेव्हा मामांनी तिघांचं काम एकट्यानं अंगावर घेतलं आणि ही खास बनवून घेतली. मानधन मात्र एकाचंच मिळत राहिलं. हा उत्तरार्ध मामा कधी सांगत नसत, मामी सांगायच्या.

रामबागेतला त्यांचा वाडा बिल्डरला द्यायचा म्हणून आवराआवर चालली होती. थोरल्या मामेभावाकडे चांदीची भांडी गेली, धाकट्याकडे लंबकाचं घड्याळ. माझ्याकडे ही आली, कारण "लहानपणी तूच विचारलं होतंस ना रे, हे काय आहे म्हणून?" हे मामींच्या पक्कं लक्षात होतं. भाचरांनी कुतूहल जरा जपूनच दाखवावं.

सुदामानगरला यायला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं तिला आडवी, उभी, तिरपी घालून पाहिली. शेवटी तिन्ही दांड्या उजवीकडून बाहेर काढून आम्ही निघालो आणि वाटेत दोन मोटारसायकलवाल्यांनी आमच्याशी अत्यंत मोकळेपणानं संवाद साधला. उतरल्यावर तो म्हणाला, "भिया, सवारी तो चार हुई." मी दिले. हुज्जत घालायची तर आधी गिटार खाली ठेवावी लागली असती, आणि ती एकट्यानं ठेवता येत नव्हती. धड अस्सल सागवानाचं आहे.

बैठकीत कोपऱ्यात उभी करून वर चादर टाकली. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या, चादरीखालचे तीन उंचवटे पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "दत्तगुरूंना असं झाकून का ठेवलंत?"

पुण्याचा पुतण्या गिटार वाजवतो. त्याला फोटो पाठवला तर लगेच व्हिडिओ कॉल. "काका, हात लावू नका! ही व्हिंटेज आहे! कस्टम आहे!" मग त्यानं मला बराच वेळ इतिहास शिकवला. गिब्सन कंपनी १९५८पासून मागणीनुसार दोन दांड्यांची गिटार करून देत असे. स्टुडिओत एका गाण्यात हव्या तेवढ्या गिटारी एकावर एक ध्वनिमुद्रित करता येतात, पण मंचावर माणसाला हात दोनच. म्हणून लेड झेपेलिन या बँडच्या जिमी पेजनं तसली दोन दांड्यांची गळ्यात अडकवली. चीप ट्रिक बँडच्या रिक नील्सननं १९८१मध्ये हेमर कंपनीकडून पाच दांड्यांची करून घेतली. स्टीव्ह वायची तीन दांड्यांची तर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. आणि कॅनडाच्या लिंडा मॅन्झर या बाईंनी १९८४मध्ये पॅट मेथनीसाठी बनवलेल्या वाद्याला तारा ४२! एवढं ऐकल्यावर मामा मला भलतेच संयमी गृहस्थ वाटू लागले.

"काका, आता मागचं झाकण उघडा. पॉटवरचा नंबर वाचा."

आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखाली पॉट नावाचा भाग असतो, रेडिओत असतो तोच. जुन्या अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कंपनीचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. मी चष्मा पुसून वाचलं, १३७७३१८. पुतण्या किंचाळला. "१३७ म्हणजे सीटीएस! ७३ साल! अठरावा आठवडा!"

"मे महिना लागतानाचा," बायको कॅलेंडर न बघता म्हणाली, "लग्नसराई."

पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची नव्हे, एवढंच यावरून ठरतं. पण तेवढ्यावर पुतण्या लाखांत बोलायला लागला. बाकीच्या पॉटवर एकही आकडा नव्हता, त्याकडे त्यानं काणाडोळा केला. आतल्या लाकडावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. कारागिराचं हस्ताक्षर म्हणजे सोनं, वाचा म्हणाला. वाचलं. "दिवाण १, पाट ६, गिटार १. उचल मिळाली."

"बरं, आता पुढून रंग दाखवा. मूळचा आहे ना? नंतर रंगवली असेल तर किंमत निम्म्यावर येते हं."

रंग हिरवा होता. रामबागेच्या वाड्याच्या खिडक्यांचे गज ज्या हिरव्या ऑइलपेंटचे आहेत, नेमका तोच. मामींना फोन केला. "अरे, डब्यात थोडा उरला होता," त्या म्हणाल्या, "वाया कशाला घालवायचा?" पुतण्यानं त्यानंतर फोन उचलण्याचं प्रमाण कमी केलं.

मग अटालेवाला आला. त्यानं लाकडाचा वेगळा, पितळेचा वेगळा, तारेचा वेगळा भाव सांगितला आणि बेरीज झाल्यावर तो हातगाडीवर ठेवायला मदत मागू लागला. त्याला परत पाठवलं. सूर लावून पाहू या, निदान चालू स्थितीत विकता येईल, असं मी ठरवलं.

सूर लावणं म्हणजे काय ते सांगतो. सहा तारांचा साधा संच ओढला की लाकडावर ४५ किलोच्या आसपास ताण येतो. तिन्ही दांड्यांचा मिळून हा आकडा दोनशेच्या घरात जातो. त्यामुळे बेस लावली की सागवानसुद्धा किंचित झुकतं आणि बारा तारांची उतरते. बारा तारांची चढवली की मधली बिघडते. त्यात बाराच्या जोड्या. वरच्या दोन जोड्या एकाच सुरात, खालच्या चारांत एक तार एक सप्तक वर. बायको मुकाट्यानं माहेरी फोन लावून बोलत बसली.

मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला आणि घरभर एकच आवाज घुमला. घूंऽऽऽ. मी एकाही तारेला हात लावलेला नव्हता.

आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. आत्यानं आयुष्यात दोनच गोष्टी मानल्या, अमीर खाँसाहेबांची विलंबित लय आणि सराफ्याच्या खाऊगल्लीतले तळलेले गराडू. वयानुसार तिचा आवाज पेटीच्या काळी चारवरून पांढरी पाचवर उतरलाय, आणि तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा दिवाळीपासून बंद आहे. तिनं डोळे मिटले.

"पांढरी पाच," ती म्हणाली. "किंचित चढी. पण स्थिर आहे रे."

हे शास्त्रशुद्ध आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि पांढरी पाचचा अगदी तळातला सूर ४९चा. गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारी चुंबकं, तारांसोबत घरातली वीजही ऐकतात. आत्याला हे समजावल्यावर ती म्हणाली, "मग बिल आलं तरी चालेल. तारा किती आहेत म्हणालास?"

"२२."

"श्रुती बरोबर आहेत," म्हणत तिनं आसन आणवलं.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला आमच्याकडे घूंऽऽऽ सुरू होतं आणि त्यावर आत्याचा भैरव. धक्का लागून घूं बिघडू नये, म्हणून झाडू मारायलासुद्धा त्या कोपऱ्यात कोणी जायचं नाही असा हुकूम आहे. मध्यंतरी ऑर्केस्ट्रातला एक मुलगा गिटार बघायला आला. गळ्यात अडकवली, फार सुरेख वाजवली, आणि खांदा चोळत म्हणाला, "काका, हे तिन्ही आवाज माझ्या कीबोर्डमध्ये आहेत. तो मी एका हातात नेतो." चहा घेऊन गेला.

वरच्या मजल्यावरच्यांनी झोपेची तक्रार केली तेव्हा मी गुपचूप जेल रोडवरून एका कारागिराला बोलावलं. त्यानं आत डोकावून पाहिलं, ब्रिजची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीची, अर्थिंगची तुटलेली वायर जोडली आणि घूं जवळजवळ संपलं. दुसऱ्या पहाटे आत्यानं अ‍ॅम्प्लिफायर लावला, बराच वेळ वाट पाहिली आणि मला उठवलं. "तानपुरा बिघडवलास." मग ती माझ्याशी बोलेना, बायकोशी बोले, आणि बायको तिचं सगळं मला सविस्तर पोचवी.

कारागिराला पुन्हा बोलावलं. वायर काढून टाक म्हटलं. तो माझ्याकडे, आत्याकडे, मग हिरव्या गिटारकडे बघत राहिला.

"निकाल दूँगा, भिया," तो म्हणाला, "पर बिगाड़ने का डबल लगेगा. उसमें नाम ख़राब होता है."