साठ वर्षं कोणासाठी?

आमच्या मालवणकडे सामायिक घर म्हणजे काय ते सांगायला नको. कागदावर तीस-पस्तीस नावं, निम्मी मुंबईला. पावसाआधी छपराचे नळे परतायचे तर सगळ्यांना विचारायचं, आणि सगळे हो म्हणेपर्यंत वासे कुजतात.

माझ्या मामांच्या पुस्तकाचं तेच झालंय. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, गोष्टी लिहायचे ते. 1994 साली गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लेखनाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतो, म्हणजे 2054 च्या अखेरीपर्यंत. मृत्युपत्र नव्हतं. आता वारस अकरा, त्यातल्या चौघांचा पत्ताच नाही. एकही प्रकाशक हात लावत नाही. घरात उरलेल्या दोन प्रतींपैकी एक वाळवीनं खाल्ली. या साठ वर्षांतून मामांना काय मिळालं? वारसांनाही एक रुपया नाही.

पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले, त्यांचे हक्क 1991 अखेर संपणार होते. तेव्हा 1992 मध्ये कायदा बदलून साठ केली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. रवींद्रनाथांची पुस्तकं तेव्हाही खपत होती. मामांची नव्हती, आणि मराठीत लिहिणारे बहुतेक मामांसारखेच आहेत.

उलट उदाहरण आपल्याच दापोली तालुक्यातलं. पालगडचे साने गुरुजी 1950 साली गेले, 2011 पासून त्यांचं लेखन खुलं झालं. ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी काढली.

लिहिणाऱ्याचं पोट जिवंतपणी भरायचं असतं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या 500 प्रती, किंमत 150, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी साडेसात हजार. तेही दोन हप्त्यांत, पाठपुरावा करून. मी मेल्यावरची साठ वर्षं शंभर केली तरी या आकड्यात एक पै वाढत नाही. वाढवायचं असेल तर करार नीट करा, दरवर्षी विक्रीचा हिशेब द्या, आणि पुस्तक संपल्यावर हक्क लेखकाकडे परत येऊ द्या.

यातली एक गोष्ट कायद्यात आधीच आहे, आणि ती मला कुणी सांगितली नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिला असं कॉपीराइट कायद्याचं कलम 19 मानतं. माझा करार 2009 चा, मुदत कोरी. म्हणजे 2014 लाच पुस्तक माझं झालं होतं. मी मात्र 2021 पर्यंत दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकाच्या परवानगीची वाट बघत बसलो.

लिहिणाऱ्या मित्रांनो, आज कपाटातून तुमचा करार काढा आणि मुदतीचा रकाना बघा.