अबू जर रबजाला 'स्वखुशीनं' गेले? : 'हितचिंतक' यांना उत्तर

वालेकुम सलाम, हितचिंतक साहेब.

पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, हजरत अबू जर गिफारी यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. सलामानं सुरुवात, दुआनं शेवट आणि मध्ये माझी यथेच्छ धुलाई. इतर वाचकांसाठी तिचं सार सांगतो. मी लिहिलं होतं की धनसंचयाविरुद्ध बोलत राहिल्यामुळे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात अबू जर यांना मदीना सोडून रबजाच्या माळावर राहावं लागलं आणि तिथंच त्यांचा इंतकाल झाला. तुमचं म्हणणं असं की ही शियांनी उठवलेली आवई, ते स्वखुशीनं गेले. शिवाय जकात (शिलकीतून द्यायचं सक्तीचं दान) दिलेला पैसा साठवण्यात गैर काही नाही, त्यांच्या गिफार टोळीला लुटारू म्हणणं हा सहाबींचा अपमान, मी त्यांना 'कॉम्रेड' करून टाकलं, आणि सालही चुकलं. मग ते शेवटचं वाक्य : "असल्या नाजूक विषयावर लिहिण्याआधी एखाद्या आलिमसमोर (धर्मपंडितासमोर) बसावं, दोन-चार भाषांतरं चाळून अक्कल येत नाही."

सालाचं आधी मिटवू. अबू जर यांच्या इंतकालाचं हिजरी 32 हे वर्ष ऑगस्ट 652 मध्ये सुरू होतं आणि 653 मध्ये संपतं. मी नुसतं 652 लिहिलं होतं, आता 652-53 केलंय. सांगणारा नीट सांगत असेल तर मी ऐकतो, एवढं यावरून दिसावं.

आता अक्कल. साहेब, मी खेड तालुक्यातल्या कोकणी मुसलमानाच्या घरात वाढलो. शाळा मराठी, पण पहाटे मकतब, म्हणजे कुराणाची शाळा, चुकलं नाही. आमच्या अब्बांकडे गावच्या जमातीच्या बैतुलमालची, म्हणजे जकातीच्या सामाईक निधीची, वही होती. रमजान लागला की ओटीवर कंदील ठेवून ते हिशेबाला बसायचे. साडेबावन्न तोळे चांदीचा त्या दिवसाचा भाव वहीच्या कोपऱ्यात लिहायचे, त्याच्यावर ज्याची शिल्लक त्याच्याकडून शंभराला अडीच. मला पाढे त्या वहीवर पाठ झाले. तेव्हा जकात म्हणजे काय आणि ती दिली की माणूस कसा निर्धास्त झोपतो, हे मला शिकवायला कोणी भाषांतर लागत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मग अकलेचं माप काढायची एवढी घाई कशाला? मुद्दा मांडा, हदीस दाखवा, मी वाचेन. पण हल्ली कोणी सहाबींविषयी चार ओळी लिहिल्या की आधी त्याची सनद विचारायची, मजकूर नंतर वाचायचा, असा रिवाज पडलाय.

तर 'स्वखुशीनं'. शियांचा प्रचार म्हणालात म्हणून शियांचं एकही पुस्तक मध्ये आणत नाही. सुन्नींचा प्रमाण हदीससंग्रह बुखारीच उघडा, जकातीच्या भागातली हदीस 1406. (त्या प्रकरणाचं शीर्षकच 'ज्याची जकात दिली तो कन्ज नव्हे' असं आहे, कन्ज म्हणजे दडवून साठवलेलं धन, ते तुमच्या बाजूचं आहे, हे मला दिसतं. हदीस मात्र पुढे वाचावी लागते.) जैद बिन वहब रबजावरून चालले होते, तिथं त्यांना अबू जर भेटले. जैदनी विचारलं, तुम्ही इथं कसे येऊन पडलात? अबू जर यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं ते असं. मी शामला (सीरियाकडे) होतो. सोनं-चांदी साठवून अल्लाहच्या वाटेत खर्च न करणाऱ्यांविषयीची आयत, म्हणजे सूरह तौबातली 34 वी, तिच्यावरून माझं आणि तिथले सुभेदार मुआविया यांचं वाजलं. ते म्हणाले, ती किताबवाल्यांसाठी (यहुदी-ख्रिस्ती) उतरली. मी म्हणालो, त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही. त्यांनी उस्मानना पत्र लिहून माझी तक्रार केली. उस्माननी मला मदीन्याला बोलावलं. मी आलो तर माझ्याभोवती ही गर्दी, जणू लोकांनी मला आधी कधी पाहिलंच नव्हतं. हे मी उस्मानना सांगितलं. ते म्हणाले, तुमची इच्छा असेल तर जरा बाजूला व्हा, जवळपासच राहा. म्हणून मी इथं आहे, आणि माझ्यावर एखादा हबशी अमीर नेमला तरी मी त्याचं ऐकेन.

आता हा क्रम पाहा. सुभेदाराची तक्रार, राजधानीचं बोलावणं, लोकांची गर्दी, आणि मग राज्याचा धनी म्हणतो, 'तुमची इच्छा असेल तर'. यातला फक्त शेवटचा तुकडा उचलून तुम्ही 'स्वखुशी' म्हणता. आणि अबू जर जाता जाता जे सांगतात, हबशी अमीर असला तरी ऐकेन, ते स्वखुशीनं सहलीला निघालेल्या माणसाचं बोलणं वाटतं का तुम्हाला? ते आज्ञा पाळणाऱ्याचं बोलणं आहे.

अशी 'इच्छा' मी घरात पाहिलीय. बैतुलमालचा पैसा तालुक्याच्या बँकेत मुदत ठेवीत घालायचं जमातीत ठरलं. अब्बा म्हणाले, हा पैसा वर्षाच्या आत गावातल्या विधवांच्या घरी गेला पाहिजे, व्याजाच्या दाराशी बसवायचा नाही. दोन बैठका नुसती हमरीतुमरी झाली. तिसऱ्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी फार आदरानं सांगितलं : चाचा, आता तुमचं वय झालं, तुमची इच्छा असेल तर वही दुसऱ्याकडे द्या. अब्बांनी दुसऱ्या दिवशी वही नेऊन दिली. इतिवृत्तात नोंद आहे, 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने'. अब्बा तेव्हा रोज सकाळी बंदरापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. त्यामुळे 'स्वेच्छेने' असं कागदावर दिसलं की मी कागदाची मागची बाजूही पाहतो. ही माझी सवय तुम्हाला खटकत असेल तर माझा नाइलाज आहे.

बुखारी पुरे नसेल तर इतिहासकार तबरी घ्या. ते हिजरी 310 मध्ये, म्हणजे 923 साली वारले. हिजरी 30 च्या घडामोडींत ते लिहितात की अबू जर यांना शामहून मदीन्याला का धाडलं याची पुष्कळ कारणं सांगितली जातात, त्यातली बरीचशी नोंदवणं मला आवडत नाही. मग मुआवियांची बाजू सावरणारे जे सांगतात ते ते देतात. तुम्ही ज्या कहाणीवर विसंबला आहात ती हीच. मदीन्याची घरं सल्अ टेकडीपर्यंत पोचली की शहर सोड, असं पैगंबरांनी (स.) सांगितलं होतं म्हणून अबू जर यांनी आपणहून परवानगी मागितली, उस्मान यांनी उंट आणि चाकर देऊन निरोप दिला. तबरींनी ती दिली आहे, पण कोणाची म्हणून दिली आहे तेही सांगितलंय. एवढा मोठा सुन्नी इतिहासकार लेखणी अडखळली असं स्वतः नमूद करतो आणि तुम्ही म्हणता अडखळण्यासारखं काही नव्हतंच! हजरत उस्मान यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. लेखात एकही वावगा शब्द नाही, शोधून दाखवा. पण आदर म्हणजे डोळे मिटून घेणं असेल तर तो तुम्हालाच लखलाभ.

बाकीचं थोडक्यात.

जकात दिलेला माल कन्ज ठरत नाही हे अब्दुल्लाह बिन उमर यांचं मत आहे, बहुतेक आलिमांचंही तेच. मी नाकारलंय कुठं? अबू जर यांना ते पटत नव्हतं, एवढंच लिहिलं. काब अल्-अहबार या पंडितांनी अब्दुर्रहमान बिन औफ या श्रीमंत सहाबींच्या मालमत्तेवरून, 'हक्क दिला असेल तर हरकत नाही' असं म्हटल्याबरोबर अबू जर यांनी त्यांना काठी हाणली, अशी रिवायत आहे. काठी मी नाही मारली. त्यांना स्वतःला सालीना 4 हजार दिरहम मिळत आणि ते वर्षाची बेगमी करून ठेवत, हेही तुम्ही मोठ्या शोधाच्या थाटात सांगितलंय. उरलेल्याचं काय करत तेही सांगायचं होतं. ते तांब्याच्या नाण्यांत मोडून टाकत, सोनं-चांदी घरात राहू नये म्हणून. यावर याहून जास्त लिहायची गरज वाटत नाही.

'कॉम्रेड' हा शब्द तुमचा. विसाव्या शतकात बऱ्याच जणांनी त्यांना पहिला समाजवादी म्हटलं, मी म्हटलेलं नाही. मी सांगितला तो चादरीचा प्रसंग. मारूर बिन सुवैद यांना रबजाला अबू जर दिसले, अंगावर जशी चादर तशीच त्यांच्या गुलामाच्या अंगावर. कारण विचारलं तर म्हणाले, एकदा मी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं, तेव्हा पैगंबर (स.) मला म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत (इस्लामपूर्व अज्ञान) आहे, हे तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना खाऊ घाला, आपण नेसतो ते नेसवा. लाल झेंडा यात कुठं दिसला?

गिफारचं म्हणाल तर ती टोळी काफिले लुटायची, हे जुन्या चरित्रकारांनी लपवलेलं नाही. उलट त्याच गोष्टीनं अबू जर वाचले. इस्लाम कबूल करून ते काबेपाशी मोठ्यानं कलमा म्हणाले आणि कुरैशांनी त्यांना मरेस्तोवर बदडलं. तेव्हा पैगंबरांचे चुलते हजरत अब्बास मध्ये पडले, ओणवे होऊन त्यांनी अंग झाकलं आणि म्हणाले, हा गिफारचा आहे, तुमचा शामचा व्यापार त्यांच्याच मुलुखातून जातो, विसरलात? लोक बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी अबू जर यांनी पुन्हा कलमा म्हटला, पुन्हा मार खाल्ला, पुन्हा अब्बासच धावले. यात अपमान कसला? मला तर हा त्यांच्या चरित्रातला सगळ्यात तगडा प्रसंग वाटतो, आणि टोळीची कीर्ती गाळली तर तो समजतच नाही.

वफातीचा भाग 'भावनिक' केला म्हणता. तबूकच्या मोहिमेत, हिजरी 9 मध्ये, उंट चालेना म्हणून सामान पाठीवर घेऊन मागून एकटे चालत आलेल्या अबू जर यांना पाहून पैगंबर (स.) म्हणाले होते, हा एकटा चालतो, एकटाच मरेल, एकटाच उठवला जाईल. रबजाला शेवटी तसंच झालं. मय्यत वाटेवर ठेवलेली, आणि कूफ्याकडून येणाऱ्या काफिल्यात सहाबी अब्दुल्लाह बिन मसऊद होते म्हणून जनाज्याची नमाज झाली. यात माझ्या पदरची भावना किती आणि पैगंबरांचे जुने चरित्रकार इब्न इस्हाक यांची किती, हे तुम्हीच ठरवा.

पुढचा लेख याच अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्यावर आहे. कुराणाच्या प्रतींवरून त्यांचंही हजरत उस्मान यांच्याशी बिनसलं होतं, तेव्हा तुम्हाला लिहायला भरपूर मिळेल. प्रतिक्रियेचा रकाना उघडाच ठेवतोय. फक्त या खेपेला लेख शेवटपर्यंत वाचा. मागच्या वेळी माझा लेख आणि तुमची प्रतिक्रिया या दोन्हींची वेळ पाहिली तर तेवढी सवड तुम्हाला मिळाली असेल असं वाटत नाही. आणि टोपणनाव सोडून खऱ्या नावानं आलात तर 'साहेब' म्हणायला मलाही जड जाणार नाही.