मार्कर गव्हात टोचत नाहीत!

घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला: ‘गव्हात जेनेटिक मार्कर टोचतात, 14 गुणसूत्रांचा गहू लॅबमध्ये 42 चा केला, सगळा गहू जीएम (बाहेरचं जनुक घातलेला) झालाय, खपलीत ग्लुटेन नसतं.’ खाली काकूंचा प्रश्न: सीलिॲकवाल्या (ग्लुटेन सोसत नाही अशा आजाराच्या) नातवाला मग खपली चालेल ना?

नाही काकू, अजिबात नाही. खपलीतही ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते प्रथिन, असतं. हा मेसेज मूर्खपणाचा आहेच, पण या एका ओळीने पोर आजारी पडेल.

आता ते ‘टोचणं’. मार्कर म्हणजे गव्हाच्या स्वतःच्या डीएनएतली दोन वाणांमधली फरकाची खूण. बुटक्या गव्हाचं आरएचटी-बी1बी जनुक घ्या: नोरिन-10 या जपानी वाणातून आलेलं, 4बी गुणसूत्रावर डीएनएच्या एका सी-अक्षराच्या जागी टी. ते अक्षर वाचायला पानाचा तुकडा तोडून डीएनए काढतात आणि नळीत तीन प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) घालतात. दोघांचं शेवटचं अक्षर वेगळं, त्यांचे रंगही वेगळे, तिसरा सामाईक. एकच रंग चमकला तर रोप शुद्ध, दोन्ही चमकले तर संकरित. रोप शेतात उभंच असतं, त्याच्यात कोणी काहीही घालत नाही.

घोळ होतो तो तिसऱ्या प्रायमरमध्ये. गव्हात गुणसूत्रांचे ए, बी, डी असे जवळपास सारखे तीन संच, प्रत्येकी 14 चे. प्रायमरचं टोक फक्त बी-मध्येच असलेल्या अक्षरावर बसलं नाही, तर ए आणि डी-मधलं जुनं सी-ही वाचलं जातं आणि शुद्ध बुटकं रोप संकरित दिसतं. म्हणून ‘चायनीज स्प्रिंग’ या गव्हाच्या वाणाच्या 4बी नसलेल्या रोपावर चाचणी लावतात; तिथे रंग आला तर प्रायमर टाकून द्यायचा.

42 गुणसूत्रं? ‘सायन्स’ नियतकालिकात ऑगस्ट 2018 ला गव्हाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, छापून आला, त्यात हे तिन्ही संच मांडलेत. डी-संच एका रानगवताशी झालेल्या नैसर्गिक संकरातून हजारो वर्षांपूर्वी आला. आणि मेसेजची लाडकी खपली? तीही 28 ची, 14 ची नाही.

जीएम गहू जगात आहे, हे मात्र मान्य: अर्जेंटिनाने 2020 मध्ये सूर्यफुलाचं जनुक असलेला एचबी4 मंजूर केला. भारतात लागवडीला एकही नाही.

मार्करवर टीकाच करायची तर ही करा: तांबेरा रोखणाऱ्या गव्हाच्या एलआर34 जनुकाचा सीएसएलव्ही34 मार्कर जनुकात नसून शेजारी आहे. संकरात क्वचित दोघांची फारकत होते. मार्कर ‘हो’ म्हणतो, पानं तांबेऱ्याने भरतात. म्हणून मार्कर पाहून निवडलेली रोपं शेवटी रोगाच्या प्लॉटमध्ये लावून पाहावीच लागतात.