"खऱ्या केसांचं एक्स्टेंशन सेफच असतं" हे खरं नाही

"एक्स्टेंशन खऱ्या केसांचं असलं की काहीच होत नाही, उलट आपल्या केसांना आराम मिळतो, ते आतल्या आत वाढतात, विरळ केसांवर तर हाच उपाय, आणि दुखलं तर दोन दिवसांत सवय होते." एक्स्टेंशनबद्दलचा, म्हणजे आपल्या केसांना वरून जोडायच्या जादा केसांबद्दलचा, हा मेसेज मला एका आठवड्यात तीन जणींनी पाठवला, त्यातली एक मैत्रीण बाळंतपणानंतर केस गळतायत म्हणून टेपवाल्या (मुळांजवळ चिकटपट्टीने लावायच्या) एक्स्टेंशनची अपॉइंटमेंट घेऊन बसलीये. माझा एक्स्टेंशनला विरोध नाही, मी स्वतः अधूनमधून क्लिपवाले लावते. पण हा मेसेज वाचून कुणी निर्णय घेऊ नका प्लीज.

आधी ते "खरे केस". खरे की सिंथेटिक यावर दिसणं आणि टिकणं ठरतं, सिंथेटिक गरम स्ट्रेटनरने वितळू शकतं, रेमी म्हणून मिळणाऱ्या खऱ्या केसांची वरची बारीक खवलं एकाच दिशेला असतात म्हणून गुंता कमी होतो, बास एवढंच. आपल्या मुळांना ते केस कुणाचे हे कळत नाही, त्यांना फक्त वजन आणि ओढ कळते.

"दुखलं तर सवय होते" हे सगळ्यात वाईट. दुखणं म्हणजे मुळं ओढली जातायत. अशी ओढ सतत राहिली की केस जायला लागतात, त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, रोज घट्ट वेण्या घालूनही तेच होतं. बऱ्याचदा सुरुवात कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर, कधी मुळाशी बारीक पुळ्या येतात. वेळेत ओढ थांबवली तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर मूळच मरतं, मग तिथे केस येत नाही. माझ्या बहिणीला एक्स्टेंशन लावलं त्या रात्री उशीवर डोकं टेकवता येत नव्हतं, सलूनवाले म्हणाले नवीन आहे, होईल सवय, आणि तिने ते ऐकलं. काढलं तेव्हा दोन्ही कानांच्या वर नखाएवढी रिकामी जागा होती, भरून यायला कितीतरी महिने गेले.

"आराम मिळून केस वाढतात" यातलं अर्धं खरं एवढंच की आपल्या केसांवर स्ट्रेटनर कमी फिरत असेल तर ते कमी तुटतात. वाढ मुळाशी होते, महिन्याला साधारण १ सेंमी, एक्स्टेंशन असो नसो. आणि केस वाढला की टेप किंवा बाँड (केराटिनच्या गोंदाने चिकटवलेला जोड) टाळूपासून खाली सरकतो, गुंता व्हायला लागतो, म्हणून टेप ६ ते ८ आठवड्यांनी काढून परत वर लावावा लागतो, केराटिन बाँड ३-४ महिन्यांत काढावे लागतात. शिवाय रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, त्यातले बाँडमध्ये अडकलेले तिथेच साठतात आणि काढताना पुंजका हातात येतो, तो बघून घाबरू नका. पण वेळेवर काढलं नाही तर त्याचीच जट होते, आणि मग जट सोडवताना चांगले केसही तुटतात.

विरळ केसांवर उपाय? लपवणं आणि उपाय यात फरक आहे. बाळंतपण किंवा मोठ्या आजारपणानंतर २-३ महिन्यांनी जी गळती सुरू होते ती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. पण विरळ झालेल्या केसांत तेवढंच वजन थोड्या केसांवर येतं, आणि टेपही नीट झाकला जात नाही.

आणि सगळे प्रकार एकसारखे धरू नका. क्लिपवाले झोपताना काढून ठेवता येतात, म्हणजे मुळांना सुट्टी मिळते. टेप आणि बाँड चोवीस तास डोक्यावर. गोंदाची ॲलर्जी होऊ शकते, आधी पॅच टेस्ट (थोडा गोंद त्वचेवर लावून बघणं) करून घ्या, आणि टाळूला तेल लावत असाल तर टेपची पकड सुटते हेही धरून चाला. लावणाऱ्याला मी सगळ्यात आधी विचारेन की काढणार कधी, कशाने आणि कोण, कारण घरी ओढून काढताना फार नुकसान होतं.

मैत्रिणीला मी सांगितलंय, अपॉइंटमेंट पुढे ढकल, आधी डॉक्टरांना दाखव, थायरॉइड आणि लोह तपासून घे. तोवर क्लिपवाले लाव, माझे देते.